एक साडी, सोळा रिळं

दोरा विकत आणणं हे काम कुणालाही जमतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी मला एकदा येऊन भेटावं. मी चहा देईन आणि पुढचे दोन तास त्यांना उठू देणार नाही.

सुरुवात द्वारकेच्या हातापासून झाली. द्वारका म्हणजे माझी बायको. मार्केट यार्डात मटार स्वस्त झालाय म्हणून आम्ही दोघं गेलो, आणि तिथं कोबीच्या पाल्यावरून तिचा पाय घसरला. उजवं मनगट मोडलं. पडायच्या आधी मी तिला ‘खाली बघून चाल’ म्हणालो होतो, हे मी आत्तापर्यंत निदान वीस जणांना सांगितलंय. प्रत्येक वेळी ती शेजारी बसून ऐकून घेते. डॉक्टरांनी सहा आठवड्यांचं प्लास्टर घातलं.

नेमकी त्याच सुमारास आमची निशा पहिल्या बाळंतपणाला घरी आली होती. निशा आणि जावई दोघंही खराडीला आयटीत आहेत आणि तिथंच राहतात. एरवी आमची त्यांची भेट दिवाळीला किंवा कुणी आजारी पडलं तरच. आता नववा लागला होता आणि घरात उत्साह होता. फक्त दुपट्याचा प्रश्न होता.

आमच्याकडे बाळाला सुरुवातीला नवं कापड लावत नाहीत. नवं टोचतं. बारशाला पाळण्यात अंथरायचं दुपटं आजीच्या जुन्या सुती साडीचंच हवं. द्वारकेनं त्यासाठी एक साडी जपून ठेवली होती. फिकट जांभळी, बारीक चौकटीची. निशाला घेऊन दवाखान्यातून घरी आली ती हीच साडी नेसून, आणि पुढं दोन वर्षं निशा हिच्याच पदराखाली वाढली. धुऊन धुऊन ती इतकी मऊ झाली होती की हातात घेतली तरी घेतल्यासारखी वाटत नसे. चौतीस वर्षं ती मलमलच्या फडक्यात बांधून कपाटात होती. तशी दुसरी नव्हती. एवढी एकच.

द्वारकेनं आजवर नात्यातल्या आणि सोसायटीतल्या चाळीसेक पोरांना हातानं दुपटी शिवून दिलीत. स्वतःच्या नातवंडाची वेळ आली आणि हात गळ्यात. ती म्हणाली, “अप्परच्या रस्त्याला बसस्टॉपशेजारी यमुनाबाई वाकळा शिवतात. त्यांच्याकडे देऊ.”

“रस्त्यावर?” मी म्हणालो. “घरात मी असताना?”

आता इथं माझा थोडा परिचय देणं भाग आहे. भोसरीच्या एका कारखान्यात पंपांचे भाग तयार होतात. तिथल्या गुणवत्ता विभागात मी एकतीस वर्षं काढली. मुकुंद घारपुरे ह्या सहीशिवाय एक नग फाटकाबाहेर गेला नाही. लोक मला घाबरायचे. घरातले मात्र का कोण जाणे घाबरत नाहीत.

“बाबा,” निशा सोफ्यावरून म्हणाली, “तुम्ही आयुष्यात एखादं बटण तरी लावलंय का?”

“लावलं नाही. पण दुसऱ्यांनी लावलेली नापास केलीत.”

द्वारकेनं सुस्कारा सोडला. ती म्हणाली, “जन्माआधी बाळाचं कापड कापायचं नसतं. तोवर दोरा आणून ठेवा. साधा, पांढरा, सुती.”

सगळा घोळ ह्या एका रिवाजामुळं झाला, असं माझं आजही प्रामाणिक मत आहे. शिवायला हात लावायचा नाही आणि बाळ यायला तीन-चार आठवडे अवकाश. म्हणजे माझ्यासारख्या माणसाला महिनाभर फक्त दोरा निवडायला मोकळं सोडलेलं. त्यात ती ‘साधा’ म्हणाली. नातवंडाचं दुपटं आणि साधा दोरा? मला ते काळजाला लागलं.

रविवार पेठेत दोऱ्यांचं एक जुनं दुकान आहे. मालक पेपर वाचत होते.

“चांगल्या प्रतीचा दोरा दाखवा,” मी म्हणालो.

“वाईट प्रतीचा आम्ही ठेवत नाही.” पेपर खाली आला नाही.

“तसं नाही. सगळ्यात उत्तम कुठला?”

“कशाला हवाय?”

“दुपट्याला.”

त्यांनी न बघता मागं हात घातला आणि एक रीळ काउंटरवर ठेवलं. “सुती. तीन पदरी.”

मी रीळ उजेडात धरलं. दोऱ्याला बारीक लव होती. एके ठिकाणी किंचित जाड, पुढं किंचित बारीक. मी ते त्यांच्या निदर्शनास आणून दिलं आणि विचारलं, “ह्याची ताकद किती?”

तेव्हा मात्र पेपर खाली आला. त्यांनी मला चष्म्यावरून नीट बघून घेतलं. “दुपट्यात काय बांधून नेणार आहात आपण?”

मी अपमान गिळला. प्रत्येक प्रकारचं एकेक रीळ मागितलं. सुती, चकचकीत सुती, पॉलिस्टर, सुतीचं आवरण असलेलं पॉलिस्टर, नायलॉन, चपला शिवायचा, पतंगाच्या मांज्याचा वाटावा असा एक. “एकेक?” ते म्हणाले, “लग्न ठरवायचंय का दोऱ्याचं?” पण त्यांनी दिली. सोळा रिळं झाली. बिलावर प्रत्येकाचं वर्णन लिहा म्हटलं, तर त्यांनी ‘दोरा, १६ नग’ एवढं लिहिलं आणि पुन्हा पेपर उघडला.

घरी आल्यावर मी चाचणी लावली. पद्धत सोपी होती. बाल्कनीच्या गजाला दोरा बांधायचा, खाली पाण्याची मोकळी बाटली अडकवायची, आणि पेल्यानं मोजून पाणी ओतत जायचं. दोरा तुटला की आकडा वहीत. बाटली आमच्या बाल्कनीच्या आत लोंबवली असती तर पुढचं रामायण टळलं असतं. पण आत निशाचे कपडे वाळत होते. म्हणून मी ती बाहेरच्या बाजूला सोडली.

पहिला सुती दोरा. त्यानं फारच लवकर मान टाकली. बाटली गेली ती थेट खालच्या मजल्यावर अभयच्या बाल्कनीत. अभय आमच्या सोसायटीचा सचिव. घरून काम करतो, आणि त्या वेळी तो बाल्कनीत बसून अमेरिकेतल्या कुणाशी तरी बोलत होता. तो वर आला नाही. भांडला नाही. पुण्यात तशी पद्धत नाही. संध्याकाळी फलकावर सूचना लागली: ‘काही सभासद आपल्या बाल्कनीतून दोऱ्याने पाण्याच्या बाटल्या खाली सोडत असल्याचे निदर्शनास आले आहे. हा कोणता कुळाचार आहे ते कळवल्यास इतर सभासदांनाही त्याचा लाभ घेता येईल. सचिव.’

त्या सूचनेमुळं माझं संशोधन सगळ्या सोसायटीला कळलं आणि सल्ल्यांना ऊत आला. लिफ्टमध्ये दोरा, पार्किंगमध्ये दोरा. दुसऱ्या दिवशी शेजारचा रणजित आला. त्याचा मार्केट यार्डात कांद्याचा गाळा आहे. मनानं दिलदार, आवाज गाळ्यावरचा. येताना नारळाएवढं दोऱ्याचं बंडल घेऊन आला.

“काका, हे बघा. ह्या दोऱ्यानं आम्ही पन्नास किलोची पोती शिवतो. ट्रकमधनं फेकलं तरी तोंड उघडत नाही. तुमचं नातवंड किती किलोचं असंल?”

“असेल तीनेक.”

“मग? विषयच संपला!”

आतून निशा हसून हसून पोट धरत असल्याचा आवाज आला. मी बंडल परत केलं, पण रणजितचं तर्कशास्त्र डोक्यात घट्ट बसलं. वस्तू टिकायची असेल तर जोड पक्का हवा. माझी सगळी नोकरी ह्या एका वाक्यावर झाली होती.

बाल्कनी बंद झाल्यामुळं मी साईनाथला फोन लावला. साईनाथ माझ्या हाताखाली तयार झालेला, आता माझ्याच खुर्चीवर बसतो. कारखान्यात वस्तू ओढून तोडायचं यंत्र आहे. तो म्हणाला, “या ना सर.” पण सर फाटकावरच अडकले.

“आत काय नेताय?” रखवालदारानं विचारलं.

“दोरा.”

“मटेरियल आलं मग. फॉर्म भरा.”

फॉर्म बघितला आणि मला ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं. “हा मीच तयार केलाय,” मी अभिमानानं म्हणालो.

“असं होय,” तो म्हणाला. “तरीच चौदा रकाने आहेत.”

नग किती, नवे की वापरलेले, परत नेणार की नाही, नेणार तर किती तुटलेले. ‘कोणत्या भागासाठी’ ह्या रकान्यात मी ‘दुपटे’ लिहिलं. त्यानं यादीत शोधलं. “हा पार्ट कुठल्या पंपाचा?” आपणच लावलेल्या शिस्तीत आपण पाऊण तास उन्हात उभं राहण्यासारखी शिक्षा नाही. शेवटी साईनाथ स्वतः येऊन मला सोडवून घेऊन गेला.

यंत्रानं सोळाही दोरे ओढून तोडले. एक पांढरा पॉलिस्टर दोरा सगळ्यांच्या पुढं गेला. एकसारखा, गुळगुळीत, एक लव नाही, ताकद साध्या सुतीच्या तिप्पट. मी खूश होऊन वहीत खाली रेघ मारली. साईनाथ कागदाकडे बघत होता. त्यानं विचारलं, “सर, कापड कुठलं आहे?”

“कापडाचा प्रश्न नाही रे,” मी म्हणालो. “प्रश्न दोऱ्याचा आहे.”

तो माझा जुना ज्युनियर. “हो सर,” म्हणून त्यानं कागद माझ्या हातात दिला.

नात झाली. दोन किलो आठशे. मी पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा मला बोलता येईना, आणि निशा म्हणाली, “बाबांना कुणीतरी फोटोत धरून ठेवा, हे परत दिसणार नाही.” चौथ्या दिवशी सगळे घरी आले. बाराव्या दिवशी बारसं. आता कापड कापायला मोकळीक होती.

द्वारकेनं साडी फडक्यातून काढली. डाव्या हातानं मांडीवर पसरली आणि बराच वेळ तिच्यावरून तळवा फिरवत राहिली. मग तिची नजर रिळाकडे गेली. तिनं दोरा बोटांत घेऊन चोळला.

“हा सुती नाही.”

“सुतीच्या तिप्पट ताकद आहे.”

“मी सुती म्हणाले होते.”

“द्वारका, मी यंत्रावर मोजून आणलाय.”

ती काही बोलली नाही. अडतीस वर्षांच्या संसारात मी काहीतरी मोजून आणलंय असं म्हटलं की ती बोलायची थांबते. तिला पटतं म्हणून थांबते, अशी माझी समजूत होती.

पायाचं जुनं शिलाई मशीन पुसून घेतलं. ते पायानं चालवायचं म्हणजे पुढं पाय दाबला की चाक पुढं जाईल अशी आपली कल्पना. चाक मागं जातं आणि खालून दोऱ्याचा असा गुंता होतो की त्यात दोन सुया मोडून राहिल्या. पहिला दिवस फडक्यांवर सराव करण्यात गेला. दुसऱ्या दिवशी फलकावर सूचना: ‘दुपारी एक ते चार कोणत्याही मजल्यावर शिवणकाम करू नये. प्रत्येक सभासदाकडे बारसे असते असे नाही, पण झोप असते.’ म्हणून मी सकाळी लवकर बसायचो. टाका मी सगळ्यात लहान ठेवला, कारण जितका लहान तितका भक्कम. तीन थर, आडव्या-उभ्या ओळी, पट्टी लावून आखलेल्या. नातीच्या आठव्या दिवशी दुपटं तयार झालं. आलेखाचा कागद असावा तसे सगळे चौकोन एकासारखे एक.

द्वारकेनं गालाला लावून बघितलं. “कडक लागतंय. धुऊन बघू या.”

“खुशाल धू,” मी म्हणालो. मीच ते कपडे धुण्याच्या यंत्रात टाकलं. नाजूक कपड्यांचं बटण सोडून सगळ्यात जोराचं बटण दाबलं. ज्याला आपल्या कामाची खात्री असते तो नाजूक बटण दाबत नाही.

तासाभरानं झाकण उघडलं. दोरा शाबूत होता. एक टाका सुटला नव्हता. दोऱ्याची ती जाळी जशीच्या तशी हातात आली, आणि साडी प्रत्येक ओळीपाशी फाटून तिच्यावर पट्ट्यापट्ट्यांनी लोंबत होती. सुईनं एकाला लागून एक छिद्रं पाडून मी तिची पोस्टाची तिकिटं करून ठेवली होती, आणि वरून त्या दोऱ्यानं ओढ घेतली होती.

निशा दारात आली. द्वारकाही आली. अशा वेळी माणसानं गप्प बसावं. पण मी म्हणालो, “दोरा बघा पण, दोऱ्याला काही झालेलं नाही!”

मी असं का बोललो ते देव जाणे. निशाचा चेहरा लाल झाला. “बाबा, आईनं तुम्हाला एकच गोष्ट सांगितली होती. एकच. चौतीस वर्षं तिनं ती साडी जपली आणि तुम्हाला एकदा, आयुष्यात एकदा, तिचं ऐकता आलं नाही? आता ह्याला हात लावू नका. प्लीज. कशालाच लावू नका.” आणि ती आत गेली. बाळ रडत होतं.

द्वारका रागावली असती तर मी उत्तरं दिली असती. माझ्याकडे उत्तरं तयार असतात. पण तिनं त्या चिंध्या डाव्या हातानं एकेक करून बादलीत घेतल्या, गच्चीत नेल्या आणि दोरीवर पसरून चिमटे लावायला लागली. एका हातानं चिमटा लागत नव्हता. ती तो दातांत धरून लावत होती. मी जिन्याच्या दारात उभा होतो आणि मला पुढं होऊन मदत करायची छाती होईना. मला लाज वाटली. साडी फाटल्याची वाटली त्याहून, ती इतकी वर्षं माझ्यापुढं गप्प का बसत होती ते कळल्याची जास्त वाटली.

दुसऱ्या दिवशी मी पिशवीत चिंध्या घालून अप्परच्या रस्त्याला गेलो. यमुनाबाई एका बंद दुकानाच्या पायरीवर वाकळ पसरून बसल्या होत्या. परभणीकडच्या, साठीच्या, हातात सुई आणि पायाच्या अंगठ्यात कापड धरलेलं. मी सगळं सांगितलं. बाटली, यंत्र, तिप्पट ताकद, काही लपवलं नाही. त्यांनी एक पट्टी घेतली आणि दोऱ्याला हिसका दिला. पट्टी आणखी दोन बोटं फाटली.

“दोरा भारी हाय साहेब,” त्या म्हणाल्या. “जीन शिवा त्याच्यानं, तंबू शिवा. पर ह्या कापडाला कामून लावला? हे थकलेलं हाय. लेकराच्या लाथांनी ओढ बसणार, धुताना बसणार. कुनीतरी तर तुटणारच ना? मग दोरा तुटू द्यायचा. दोरा परत घालता येतो. कापड कुठून आणता?”

मी पायरीवरच बसलो. एकतीस वर्षं मी प्रत्येक वस्तूला ‘तू तुटतेस का’ एवढंच विचारत आलो होतो. तुटायचंच तर कुणी तुटावं, हे ठरवून ठेवायचं असतं, हे एका बाईनं मला बसस्टॉपशेजारी सांगितलं.

“तुम्ही शिवून द्याल?” मी विचारलं. “तीन दिवसांत?”

“सहा वाकळा पुढं हायत. तुम्हीच घाला की. मधल्या पट्ट्या चांगल्या हायत, फाटक्या कडा कापून टाका आन् तुकडे जोडा. वाकळ तुकड्यांचीच असती. या हिकडं, धरा सुई.”

पुढचा तासभर गुणवत्ता विभागाचा माजी प्रमुख रस्त्यावर बसून धावदोरा शिकला. “हात सैल, सैल! दोरा वढू नका, निस्ता ठेवा कापडावर. टाका मोठा. एवढा मोठा नगं.” त्यांनी माझे टाके चार वेळा उसवले. मी नापास केलेल्या लोकांना कसं वाटत असेल, ते चौथ्या वेळी नीट समजलं. तेवढ्यात रणजित स्कूटरवरून गेला, माझ्याकडे बघितलं आणि वळून परत बघितलं. त्या दिवशी फलकावर काही लागलं नाही, हे सचिवांचे उपकार.

घरी आल्यावर मी द्वारकेसमोर उभा राहिलो. “मी हातानं घालू का परत? तू सांगशील तसं. तू नको म्हणालीस तर नाही.”

तिनं माझ्या हातातली पिशवी घेऊन आत बघितलं. मग म्हणाली, “दोरा कुठला?”

“साधा. पांढरा. सुती.”

तिनं सुयांची डबी माझ्याकडे सरकवली. आधी जुने टाके काढावे लागले. तो पॉलिस्टर दोरा ओढून तुटेना, ओढला की कापड जाई. ब्लेडनं एकेक टाका कापण्यात एक अख्खा दिवस गेला. मग द्वारका डाव्या हातानं तुकडे जुळवून देई आणि मी टाके घाली. बोटं टोचून टोचून चाळणी झाली. ती मधूनच “सैल” म्हणे, मी सैल करी. आम्ही दोघं इतका वेळ एका कामाला शेजारी बसलो असं कधी झाल्याचं आठवत नाही. निशा बाळाला घेऊन समोरून जायची-यायची. एक शब्द बोलायची नाही.

बारशाला दुपटं पाळण्यात होतं. ठरलं होतं त्याच्या निम्म्या आकाराचं, आणि टाके मुंग्यांची रांग पावसात उधळावी तसे. तुकड्यांत मध्ये कुठंतरी जांभळा रंग जरा जास्त गडद, जिथं पूर्वी निऱ्यांच्या आत ऊन लागलं नसेल. पाळण्याभोवतीच्या एका बाईनं वाकून बघितलं. “द्वारकाताई, हात फार दुखतोय का हो? टाके बघा ना कसे गेलेत.”

“माझे नाहीत ते,” द्वारका म्हणाली. “ह्यांचे आहेत.” आणि पुढं पाळणा म्हणायला लागली. तिच्या बोलण्यात माफी नव्हती आणि टोमणाही नव्हता. मी पेढ्यांचं ताट घेऊन उगीच आत जाऊन आलो. नातीचं नाव कादंबरी ठेवलं. निशानं बाळाला दुपट्यासकट उचलून घेतलं, माझ्याकडे न बघता.

तीन महिन्यांनी निशा खराडीला परत गेली. द्वारका महिनाभर सोबतीला गेली. माझं आणि निशाचं बोलणं कामापुरतं चाललं होतं. आईला फोन देते, गॅस बंद केलात का, एवढंच. नातीला बघायला जावंसं रोज वाटे. पण बोलावल्याशिवाय कसं जायचं? ‘कशालाच हात लावू नका’ हे डोक्यातून गेलं नव्हतं, आणि ती चुकीचं बोलली होती असंही म्हणता येत नव्हतं.

एका सकाळी तिचाच फोन आला. “बाबा, दुपट्याचा टाका तुटलाय.”

“कापड?” मी विचारलं.

“कापडाला काही नाही. एकच टाका आहे.”

“आईला सांग ना. आता तिचा हात बरा आहे.”

“तुम्ही घातलेत, तुम्हीच येऊन बघा.” फोन ठेवला.

मी सुई आणि सुती रीळ खिशात टाकून स्वारगेटवरून बस पकडली. एका टाक्यासाठी दीड तास. तिच्या इमारतीच्या फाटकावर येण्याचं कारण विचारलं, मी खरं ते सांगितलं, आणि त्या मुलानं मोबाईलमध्ये ‘शिंपी’ असं लिहून वर कळवलं. मी दुरुस्त केलं नाही.

निशा जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसली होती. द्वारका आत कुकर लावत होती. कादंबरी सतरंजीवर दुपटं अंथरून पडली होती आणि दोन्ही पायांनी त्याला लाथा घालत होती. मी खाली बसलो. टाका शोधला. कडेचाच होता. कापड खरंच ठीक होतं. मी चष्मा लावून दोऱ्याची टोकं बोटांत धरली.

सुती दोरा ताण बसून तुटला की त्याचं टोक पिंजतं, कुंचल्यासारखं. ही दोन्ही टोकं सरळ होती. एकदम स्वच्छ. एकतीस वर्षं तुटलेल्या वस्तूंची टोकंच बघितली आहेत मी. हा दोरा कुणीतरी कात्रीनं कापला होता.

मी वर बघितलं. निशाची बोटं लॅपटॉपवर थांबली होती, पण मान खाली होती. कान लाल झाले होते. लहानपणापासून तिचं काही लपवायचं असलं की कान लाल होतात. मी सुईत दोरा ओवला. तिसऱ्या प्रयत्नात ओवला गेला. टाका घातला. सैल.

“सुतीच आहे,” मी शेवटी म्हणालो. “असा मधूनमधून तुटणारच. येऊन बघत राहावं लागेल.”

“हो ना,” निशा पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. “मला वाटतं दर रविवारी तुटेल.”